फळ्यावरची सातवी ओळ

फळा ओला असला की खडू उमटत नाही, नुसता घसरतो. श्रावणात आमच्या तालमीच्या दारातला फळा पुरता कोरडा असा कधी नसतोच. वर पत्र्याचा आडोसा आहे, पण आमच्याकडचा श्रावणातला पाऊस सरळ पडेल तर शपथ. तो रंकाळ्याकडून आडवा येतो, फळा भिजवतो आणि पाच मिनिटांत उन्हाला जागा देऊन निघून जातो. मग मी खिशातला जुना रुमाल काढून फळा पुसतो, फुंकर मारतो, पुन्हा पुसतो आणि वाळायची वाट बघत उभा राहतो. जाता-येता कोणीतरी हटकतंच, "काय बापू, आज कुणाचा नंबर?"

प्रश्नात खोच आहे. फळ्याच्या मधोमध मी एक उभी रेघ मारून ठेवली आहे. डावीकडं फुटबॉल : सराव कधी, सामना कुणाशी, कोण खेळणार. उजवीकडं पेठ : कुणाची मुलगी बारावीला पहिली आली, कुणाचा वाढदिवस, आणि 'दुःखद निधन', त्याखाली रक्षाविसर्जनाची वेळ. सकाळी घराबाहेर पडलेला माणूस आधी उजवीकडं बघतो, मग डावीकडं. दोन्ही बाजू एकाच खडूनं आणि एकाच हातानं लिहिलेल्या असतात, आणि तो हात माझा. शिरोलीला फाउंड्रीत मी पॅटर्नवर, म्हणजे ओतकामाच्या साच्यांवर, अक्षरं आणि आकडे बसवायचं काम करतो, त्यामुळं अक्षर वळणदार आहे, एवढीच माझी पात्रता. त्याआधी याच तालमीकडून मी फुलबॅक खेळायचो; कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. गुडघा गेला आणि हातात खडू आला.

एरवी हे काम मी बिनघोर करतो. श्रावणात मात्र डाव्या बाजूची सातवी ओळ आली की हात अडतो. सहा वर्षं झाली त्याला. स्वाइन फ्लूचा तो श्रावण संपला, साथ गेली, लोक विसरलेही. माझा हात काही विसरत नाही.

माझी मुलगी ऋतुजा तेव्हा अकरा वर्षांची, सहावीत. तालमीच्या चौदा वर्षांखालच्या संघात ती एकटी मुलगी होती. मुलीला खेळवायचं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. तिसरीत असताना ती माझ्याबरोबर मैदानावर यायची आणि रेषेबाहेर गेलेला बॉल पळत जाऊन आणून द्यायची. एके दिवशी आणून द्यायच्या ऐवजी तिनं तो तिथूनच मारला. आमचे कोच बंडूमामा, ज्यांना सगळी पेठच मामा म्हणते, शिट्टी तोंडात तशीच धरून बघत राहिले. मग म्हणाले, "बापू, उद्या हिला बूट घालून आण. चपलेवर कशाला बोटं मोडून घेतीय पोरगी."

बूट आले, आणि त्या बुटांवरून घरात आठ दिवस रामायण झालं. वरच्या मजल्यावर माझे थोरले भाऊ, आण्णा, राहतात. गुळाचा व्यापार करतात. वडील लवकर गेल्यावर मला आण्णांनीच शिकवलं, माझं लग्नही त्यांनीच केलं, त्यामुळं त्यांच्यापुढं माझा आवाज आजही अर्धाच निघतो. "पेठेत पोरीला चड्डी घालून पळवणार व्हय तू?" त्यांनी विचारलं होतं. माझी बायको सुनंदा आजऱ्याची, दिसायला गरीब गाय, पण त्या आठवड्यात तिनं माघार घेतली नाही. शेवटी आण्णा म्हणाले, "पाचवीपर्यंत खेळू दे. मग बघू." पाचवी झाली. आण्णांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. शाळेत गुरुजींचं लक्ष नसताना पोरं जशी मान खाली घालून बसतात, तसा मी तेव्हापासून बसलो होतो. ऋतुजाचं खेळणं एका धाग्यावर लोंबकळत होतं आणि एखादं निमित्त मिळालं की तो तुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

ती सात नंबरला खेळायची, उजव्या बाजूनं. पोरांपेक्षा अंगानं बारीक, पण बॉल पायाला चिकटल्यासारखा. सराव पाच वाजता असायचा. माझी पहिली पाळी संपवून मी चार-साडेचारला घरी यायचो, तेव्हा ही बूट घालून उंबऱ्यावर बसलेली असायची. सुनंदा माहेरहून आणलेले काजू मूठभर तिच्या हातावर ठेवायची. ते खात खात आम्ही दोघं निघायचो. वाटेत ती फळा वाचायची, आधी डावीकडचा. मला तो रस्ता आवडायचा. मी माझ्या पोरीबरोबर मैदानावर चाललोय याचा मला गर्व होता, आणि तो मी कधी तिला बोलून दाखवला नाही.

मग पुण्याच्या बातम्या यायला लागल्या. आधी पेपरात, मग टीव्हीवर, मग 'आमच्या साडूच्या शेजारी' अशा वाटेनं गल्लीत. बघता बघता चौकातली सगळी तोंडं रुमालाआड गेली. मेडिकलवाले मास्क संपले म्हणून हात झटकायला लागले. बायकांनी जुन्या साड्यांच्या घड्या शिवल्या. कापूर आणि वेलचीची पुरचुंडी गळ्यात बांधली की साथ जवळ येत नाही असं कुणीतरी सांगितलं आणि दोन दिवसांत अख्ख्या पेठेला देवघराचा वास यायला लागला. आण्णा रोज सकाळी निलगिरीची बाटली घेऊन खाली यायचे आणि प्रत्येकाच्या रुमालावर दोन-दोन थेंब टाकायचे, ऋतुजाच्या रुमालावर चार. तिच्यावर त्यांचा जीव होता. हे मला मुद्दाम लिहायला हवं, नाहीतर आण्णा उगीच वाईट दिसतील.

तालमीत आई-बापांची बैठक झाली. सराव चालू ठेवायचा की बंद? पावसाळ्यानंतरच्या स्पर्धेसाठी पोरं दोन महिने घाम गाळत होती. पेठेतल्या डॉक्टरांना बोलावलं होतं. ते स्वतःच मास्क लावून आले होते. "मोकळ्या मैदानात धोका कमी," ते म्हणाले. मग आमच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "पण नाहीच असं मी कसं सांगू?" आम्ही तीस-पस्तीस माणसं सतरंजीवर बसून एकमेकांकडं बघत राहिलो. आपल्या आधी दुसऱ्यानं बोलावं असं प्रत्येकाला वाटत होतं. शेवटी सगळे मामांकडं वळले. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी काय सांगू? माझी पोरं न्हाईत ती," ते म्हणाले, आणि जरा थांबून, "आणि हाईतबी. ज्याचं त्यानं ठरवा बाबांनो. मी मैदानावर असतोय."

ज्याचं त्यानं. एवढं जड काम माझ्या वाट्याला पूर्वी आलं नव्हतं.

मला माझं एकविसावं वर्ष आठवत होतं. सुरतेच्या प्लेगचं साल. तेव्हाही कोल्हापुरात असेच रुमाल बांधले होते. आई दारात आडवी उभी राहून म्हणाली होती, "बापू, आजच्या दिवस नगं जाऊ." मी तिच्या हाताखालून वाकून निघून गेलो होतो. सामन्याचा पहिला हाफ रुमाल बांधून खेळलो, मग दम लागला म्हणून तो सोडून गोलच्या जाळीला बांधला. घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं बसली होती. मी काही विचारलं नाही. तिला त्या दोन तासांत काय झालं असेल याचा विचार मी पंधरा वर्षांनी केला, तेव्हा विचारायला ती नव्हती.

पण मी वाकून निघून गेलो होतो, कारण मला कुणाची परवानगी लागतच नव्हती. ऋतुजा उंबऱ्यावर बसून राहायची.

"पप्पा, आज व्हय का न्हाय?" मी आलो की ती विचारायची. एक दिवस मी 'व्हय' म्हणायचो, दुसऱ्या दिवशी पेपर वाचलेला असायचा म्हणून 'न्हाय'. तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा बघून पुन्हा 'व्हय'. अशा कोलांट्याउड्या मी दहा-बारा दिवस मारल्या. सुनंदाला विचारलं तर ती म्हणायची, "तुम्ही काय ते ठरवा." मी म्हणायचो, "तू आई हाईस." ती म्हणायची, "म्हणूनच." रात्री ऋतुजाच्या कपाळाला आम्ही दोघंही आळीपाळीनं हात लावून बघायचो.

"मी तोंडाला बांधून खेळतो की," ऋतुजा म्हणायची. आमच्याकडं मुलीही 'मी खेळतो, मी जातो' असंच बोलतात, त्यात नवल नाही. "हात धुतो. कुणाच्या जवळ जात न्हाय. मला राईट आऊटला कोण असतंय जवळ?"

हे मात्र खरं होतं. तिच्या जवळ कुणी पोचायचंच नाही.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. सुनंदा बाजार करून परत येताना आम्हाला वाटेत गाठायचं म्हणून दूधकट्ट्यावर आली होती. सराव संपला की पोरांनी कट्ट्यावर जायचं, ही आमच्या तालमीची जुनी रीत. संध्याकाळी म्हशी तिथं येऊन उभ्या राहतात, गवळी तुमच्यादेखत धार काढतो आणि कोमट, फेसाळ दूध ग्लासात तसंच हातात देतो. मी खेळायचो तेव्हा मीही प्यायलोय. ते दूध पिऊन पोराच्या पायात ताकद येते यावर पेठेची श्रद्धा आहे. पोरं बारा होती आणि ग्लास दोन. एकानं प्यायचं, ग्लास पुढं करायचा, गवळ्यानं त्यातच पुढची धार मारायची.

त्या दिवशी मैदानावर सगळ्यांनी रुमाल बांधले होते. मामांनी पोरांना एकमेकांपासून लांब लांब उभं करून कवायत घेतली होती. मी स्वतः साबणाची वडी आणि पाण्याची घागर नेऊन ठेवली होती. एवढी सगळी खबरदारी घेऊन, हात चोळून चोळून धुऊन, ती बारा पोरं कट्ट्यावर आली, रुमाल गळ्यात ओढले आणि दोन ग्लासांतून आळीपाळीनं दूध प्यायला लागली. आम्हा मोठ्यांपैकी एकाच्याही डोक्यात त्या ग्लासांबद्दल काही आलं नव्हतं. कारण तो आजार पुण्याकडून आलेला होता आणि ग्लास आमचे होते.

गोलकीपर ओंकार खोकला. नुसता ठसका, दुधाचाही असेल. त्यानं तोंड पुसलं, ग्लास पुढं केला, गवळ्यानं त्यात धार मारली, आणि तो ऋतुजानं घेतला. तिनं एका दमात संपवला. वरच्या ओठावर फेसाची मिशी घेऊन ती आमच्याकडं बघून हसली.

सुनंदाच्या हातातली भाजीची पिशवी खाली टेकली. "तोच ग्लास ओ," ती मला हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओंकारला ताप आला. घशातला नमुना पुण्याला गेला आणि गल्लीतली माणसं त्याच्या घरापुढून पलीकडच्या कडेनं जायला लागली. त्याच्या आईनं दार लावून घेतलं होतं. मी आयुष्यात कधी एवढा घाबरलो नव्हतो. तिला काही झालं असतं तर मी कोणाच्या तोंडाकडं बघणार होतो?

संध्याकाळी आण्णा निलगिरीची बाटली न घेताच खाली आले. खुर्चीवर बसले. आवाज न चढवता म्हणाले, "बापू, आता बसव तिला. साथीचं निमित्त हाय. कुणाला वाईटबी वाटणार न्हाय."

निमित्त. तो शब्द ऐकून मला आण्णांचा राग आला, खूप राग आला. आणि त्याच क्षणी डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरवून घ्यावा तसं हलकंही वाटलं. दोन्ही एकदम. मी "व्हय आण्णा" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर रविवारच्या सराव सामन्याची यादी लिहायची होती. उजव्या बाजूला मी सकाळीच एक नाव लिहिलं होतं, पेठेतल्या एका रिक्षावाल्याचं, वय तिशीच्या आत-बाहेर. कशानं गेला ते कुणालाच नीट कळलं नव्हतं, त्यामुळं सगळ्यांनीच आपापलं ठरवून घेतलं होतं. ते नाव डोळ्यांपुढं ठेवून मी डावी बाजू लिहायला घेतली. मामा शेजारी उभे राहून एकेक नाव सांगत होते. ओंकारच्या जागी दुसरा गोलकीपर घेतला होता. सहावं नाव झालं.

"सात, ऋतुजा," मामा म्हणाले.

"तिला थोडे दिवस बसवतो, मामा."

पत्र्यावर पावसाची सर वाजून गेली. मग मामा म्हणाले, "दुसरी पोरं बसली तर परत येतील. ही न्हाय यायची, बापू."

"येईल की. गणपती झाले की येईल."

"बघ बाबा. बाप तू हाईस."

मी '७' लिहिलं, पुढं टिंब दिलं आणि ओळ मोकळी सोडून खाली आठवं नाव लिहिलं. जागा धरून ठेवतोय असं मला खरोखर वाटलं. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तसं. फुटबॉल खेळलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की दहा जणांत सामना होत नाही.

ऋतुजानं ती यादी दुसऱ्या दिवशी वाचली. शाळांना सुट्टी दिलेली होती. ती पळत घरी आली, "पप्पा, माझी जागा ठेवलीय व्हय?" मी "व्हय" म्हटलं. तिनं बूट पुसून, आत पेपरचे बोळे घालून खाटेखाली ठेवले. माझ्यावर तिचा केवढा विश्वास होता, हे आता लिहिताना मला सहन होत नाही.

शनिवारी मोकळ्या ओळीत दुसऱ्या कुणीतरी वाकड्यातिकड्या अक्षरात एक नाव लिहिलेलं होतं. सौरभ. चांगला मुलगा होता. त्यात त्याची काही चूक नव्हती, लिहिणाऱ्याची नव्हती, मामांचीही नव्हती.

आठवडाभरानं ओंकारचा रिपोर्ट आला. काही निघालं नाही, साधा ताप होता. त्यानंतर दोन-चार दिवसांत तो गोलमध्ये उभा राहिला आणि त्याच्या आईनं गल्लीत पेढे वाटले. मी पेढा घेऊन मैदानाकडं गेलो, तर कट्ट्यावर पोरांची रांग होती आणि प्रत्येकाच्या हातात आपापला स्टीलचा ग्लास होता. कुणाच्या ग्लासावर आईचं नाव, कुणाच्या ग्लासावर बारशाची तारीख. मामांनी हुकूम काढला होता, ग्लास घरून आणायचा. बस. इतकंच करायचं होतं. आमच्या फडताळात तसले अकरा ग्लास पालथे घातलेले होते. एक ऋतुजाच्या पिशवीत टाकायचं मला सुचलं नव्हतं, सुनंदालाही नाही. का सुचलं नाही, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारलाय. मला साथीची भीती वाटत होती, हे अगदी खरं. पण ग्लासानं भागलं असतं तर मला पुन्हा आण्णांपुढं उभं राहावं लागलं असतं, हेही तितकंच खरं. दोन्हीतलं किती कुठलं, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

गणपती आले आणि गेले. मग सुनंदा म्हणाली, सहामाही परीक्षा होऊ दे. मग दिवाळीला आजऱ्याला जायचं होतं. मग थंडीत पुन्हा कुठं कुठं साथीच्या बातम्या आल्या. मग वार्षिक परीक्षा. मग ती बारा वर्षांची झाली, आणि तिच्या मोठं होण्याबद्दल बायका आपसात हळू आवाजात बोलायला लागल्या. आण्णांना पुन्हा एक शब्दही बोलावा लागला नाही. पाच वाजता उंबऱ्यावर बसून विचारणं ऋतुजानं नेमकं कोणत्या दिवशी सोडलं, ते मला सांगता येणार नाही. मला ते उशिरा लक्षात आलं. खाटेखालचे बूट काढून बघितले तर आतले पेपरचे बोळे तसेच होते आणि बूट तिच्या पायाला दोन बोटं लहान झाले होते.

एकदा मी धीर करून विचारलं, "जायचं का गं परत?"

"आता कसं जातो, पप्पा?" ती म्हणाली. रागानं नाही, मला समजावल्यासारखं. "त्यांची टीम बसली की."

मी नवीन बूट आणतो म्हणालो. ती म्हणाली, "राहू दे." मी काय करू शकत होतो? ओरडावं असं कुणी समोर नव्हतं. माफी मागावी तर कशाची, मी तिला जपलंच होतं की. आजारानं आमच्या घरातल्या कुणाला बोटही लावलं नाही. लोक म्हणतात, बापू, नशीबवान आहेस. आहेच मी.

परवा पुन्हा चौदा वर्षांखालच्या पोरांची यादी लिहायला उभा होतो. आडवा पाऊस येऊन गेला होता. ऋतुजा आता बारावीला आहे, माझ्याहून बोटभर उंच. मी छत्री विसरलो म्हणून ती घेऊन आली आणि शेजारी उभी राहून वाचायला लागली. नेहमीसारखी, आधी डावीकडचं. मी सहा नावं लिहिली होती, मग आठ ते अकरा. हाताला सवय लागलीय, काय करणार.

"सात नंबर राहिला की, पप्पा."

"फळा ओला हाय तिथं," मी म्हणालो.

तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढून घेतला, ती ओळ पुसली, वाकून फुंकर मारली. मग माझ्या हातातला खडू घेतला. "कोण हाय?"

मी नाव सांगितलं. अथर्व.

तिनं सावकाश लिहिलं. तिचं अक्षर माझ्यासारखंच आहे, 'थ'चं वळणही तेच. लिहून झाल्यावर तिनं हात झटकले, छत्री उघडून माझ्या हातात दिली आणि पुढं चालायला लागली. मी मागं वळून बघितलं. अकरा ओळी एका हातानं लिहिल्यासारख्या दिसत होत्या. सकाळी जाणारी-येणारी माणसं फळा वाचतील तेव्हा सातव्या ओळीतलं नावही मीच लिहिलंय असं त्यांना वाटेल.